डॉक्टर हू ची ‘किंडा’: एवढे दोन तट का पडतात, स्टुडिओत काम केलेल्या बाईचं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा होता. युकेमधे नोकरी करणाऱ्या एका मराठी मुलाने ‘डॉक्टर हू’ ह्या बीबीसीच्या साय-फाय सिरीजची १९८२ सालची ‘किंडा’ ही चार भागांची गोष्ट पाहिली, कारण त्याच्या ऑफिसातले दोन सिनियर लोक तिच्यावरून दर वेळी हमरीतुमरीवर येतात. एकाच्या मते अख्ख्या जुन्या सिरीजमधली ही सगळ्यात हुशार गोष्ट, दुसऱ्याच्या मते कुंड्यांमधल्या झाडांत उरकलेलं नाटक आणि वर एक गुलाबी रबरी साप. ह्या मुलाला अर्धं फार आवडलं, अर्ध्याला हसू आलं, आणि त्याचं म्हणणं की मल्टिकॅमेरा, म्हणजे एकाच वेळी तीनचार कॅमेऱ्यांनी शूट होणाऱ्या, स्टुडिओत काम केलेल्या कोणीतरी सांगावं, दोघांपैकी बरोबर कोण, आणि साप बदललेली नवी आवृत्ती बघावी की जुनीच.

मी बरीच वर्षं पीसीआरमधे, म्हणजे स्टुडिओच्या कंट्रोल रूममधे, कॅमेऱ्यांमधे कट करायच्या स्विचरवर बसून आणि नंतर एडिटला काढलीत, म्हणून उत्तर देते, लांबेल, पण ह्या गोष्टीवर मला मनापासून बोलायचंय.

आधी मत सांगून टाकते. मी ठामपणे ‘किंडा’च्या बाजूची आहे. जंगल खोटं दिसतं हे शंभर टक्के खरं, साप फसलाय हेही खरं, आणि तरी मला ती त्या सीझनमधली सगळ्यात चांगली गोष्ट वाटते. माझी तक्रार अशी की चाळीस वर्षं लोक सापावरच भांडतायत, आणि गोष्टीत ज्या जागा खरोखर कच्च्या आहेत तिकडे कोणाचं लक्षच जात नाही. साप एवढा गुलाबी आहे की बाकी सगळं झाकून टाकतो.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी गोष्ट सांगते. देवलोक नावाचा ग्रह, हो, स्क्रिप्टमधेच नाव देवलोक आहे. हिरवागार, हवा छान, झाडांना फळं, आणि तिथले किंडा लोक बोलत नाहीत, त्यांना एकमेकांच्या मनातलं कळतं, वाचा फक्त जाणत्या बायकांना असते. तिथे माणसांची एक सर्व्हे टीम डोम टाकून बसलीय, हा ग्रह वसाहतीला चालेल का ते बघायला. टीममधली काही माणसं आधीच गायब झालीयत, उरलेत तिघं: म्हातारा खाक्या मिरवणारा सँडर्स, शास्त्रज्ञ टॉड आणि ज्याच्या डोक्याचा तोल चाललाय असा तरुण अधिकारी हिंडल. डॉक्टर आणि त्याचा साथीदार एड्रिक त्यांच्या तावडीत सापडतात, आणि तिकडे जंगलात टीगन ही डॉक्टरची साथीदार वाऱ्यावर वाजणाऱ्या घंटांखाली झोपून जाते. तिथे एकटीने झोपायचं नसतं. स्वप्नात तिला ‘मार’ नावाची शक्ती गाठते आणि तिच्यातून बाहेरच्या जगात शिरते. पुढे ती टीगनकडून एरिस नावाच्या किंडा माणसात जाते, मुक्या माणसाला एकदम वाचा फुटते, तो लोकांना डोमवर चालून न्यायला निघतो, आणि डोममधे हिंडल स्फोटकं लावून सगळंच उडवायच्या तयारीत बसलेला. शेवटी डॉक्टर आरशांचं रिंगण करून त्यात माराला कोंडतो, आणि मार तिथे सापाच्या रूपात दिसतो, तोच तो गुलाबी साप.

हे १ फेब्रुवारी ते ९ फेब्रुवारी १९८२ ह्या दोन आठवड्यांत सोमवारी आणि मंगळवारी बीबीसी वनवर लागलं. हा पीटर डेव्हिसनचा डॉक्टर म्हणून पहिलाच सीझन, त्याच्या आधी टॉम बेकर सात वर्षं डॉक्टर होता, शनिवारची सवय मोडून सिरीज आठवड्याच्या मधल्या दिवसांत आणलेली, म्हणजे जुना प्रेक्षक आधीच थोडा बिथरलेला होता. बघणारे भरपूर होते, एकेका भागाला ऐंशी लाखांच्या वर. आणि सीझन संपल्यावर फॅन लोकांच्या पोलमधे ‘किंडा’ तळाला गेली. आज त्याच फॅन लोकांच्या याद्यांत ती मानाने येते. एवढी मोठी उलथापालथ फार कमी गोष्टींच्या नशिबी आलीय.

आता जंगलाचं बघू, कारण दुसऱ्या सिनियरचा सगळा राग तिथे आहे. ‘किंडा’चा एकही शॉट बाहेर जाऊन घेतलेला नाही, जवळजवळ सगळं १९८१च्या उन्हाळ्यात लंडनमधे बीबीसी टेलिव्हिजन सेंटरच्या स्टुडिओत झालं. मल्टिकॅमेरा म्हणजे काय हे ज्याने केलंय त्याला पहिल्याच फ्रेममधे कळतं की अडचण कुठे आहे. तो मोठा व्हिडिओ कॅमेरा पेडेस्टलवर असतो, चाकांवर, मागे जाडजूड केबल, आणि चालू टेकमधे तो गुळगुळीत सरकला पाहिजे. सरकायचा तर खाली जमीन सपाट लागते. आता जंगलाची जमीन कधी सपाट असते का? मुळं, दगड, उतार, चिखल, काही म्हणजे काही टाकता येत नाही, टाकलं तर कॅमेरा अडकणार. म्हणून पानं पसरायची, कडेला कुंड्या झाकायच्या आणि मधे मोकळी वाट ठेवायची. टीगन चालते तेव्हा नीट ऐका, पायाखाली मातीचा आवाज येत नाही, फ्लोरचा येतो.

दुसरं, लाइटिंग. एका कॅमेऱ्याने एकेक शॉट घ्यायचा असेल तर प्रत्येक शॉटला दिवे हलवता येतात. इथे तीनचार कॅमेरे एकाच वेळी वेगवेगळ्या बाजूंनी बघतायत, वरून बूम माइक फिरतोय, त्याची सावली कोणाच्या तोंडावर पडता कामा नये, म्हणून दिवे वरून आणि सगळीकडून सारखे मारावे लागतात. सावल्या गेल्या की खोली गेली आणि खोली गेली की जंगल गेलं. त्यात त्या काळातल्या बीबीसीत रात्री दहाला रेकॉर्डिंग बंद, दहा म्हणजे दहा, राहिलेला सीन राहिला, ओव्हरटाइमची परवानगी म्हणजे मोठं प्रकरण. अशा घड्याळाखाली कोणी पानावरचा प्रकाश सुधारत बसत नाही, आधी सीन कव्हर करतो.

ह्याच सिरीजने १९७५ला ‘प्लॅनेट ऑफ इव्हिल’मधे केलेलं जंगल बघा. तेही खोटंच, तेही चार भिंतींतलं, पण ते ईलिंगच्या फिल्म स्टुडिओत उभारलं होतं आणि फिल्मवर, एका कॅमेऱ्याने शूट केलं. अंधार आहे, पाणी आहे, वेड्यावाकड्या फांद्या आहेत, आणि आजही ते जंगल बघताना अंगावर येतं. म्हणजे बीबीसीला जंगल जमत नव्हतं असं कोणी म्हणू नये, ‘किंडा’च्या वाट्याला ती पद्धत आली नाही एवढंच. डिझायनर माल्कम थॉर्नटनने जेवढी हिरवळ कोंबता येईल तेवढी कोंबलीय.

पण इथे मी दुसऱ्या सिनियरला एक प्रश्न विचारेन. त्याच सीझनमधे, महिन्याभराने, मार्च १९८२मधे ‘अर्थशॉक’ आली. दिग्दर्शक तोच, पीटर ग्रिमवेड. सायबरमेन हे सिरीजचे जुने शत्रू परत आले, शेवटी एड्रिक मेला, लोक अक्षरशः वेडे झाले, आजही ती सगळ्यांची लाडकी. ती कुठे आतून खरी दिसते? गुहा खोट्या, जहाजाच्या भिंती खोट्या, सायबरमेनच्या सूटच्या घड्या दिसतात. तरी कोणी हसत नाही, कारण लाइट मंद ठेवलाय, कट भराभर पडतात, आणि मुख्य म्हणजे आपल्याला माहीत असतं की हे काय चाललंय: शत्रू आलाय, पळा, गोळ्या मारा. ‘किंडा’मधे उजेड भरपूर आणि माहिती कमी. किंडांची ती पेटी म्हणजे काय, जंगलातली ती म्हातारी कोण, घंटा कशासाठी, कोणीही थांबून समजावून सांगत नाही. प्रेक्षकाला गोष्टीने धरून ठेवलं नाही की त्याची नजर सेटवर फिरायला लागते, हे मी माझ्या कामात इतक्या वेळा पाहिलंय की त्याबद्दल माझ्या मनात शंकाच नाही. सीन पकडून असेल तर पडदा हललेलाही दिसत नाही, सीन सुटला की भिंतीवरचा खिळासुद्धा दिसतो.

म्हणजे भांडण प्लास्टिकच्या पानांवरून दिसत असलं तरी मुळात ते ह्यावर आहे, की गोष्टीने स्वतःला किती समजावून सांगावं. पहिल्या सिनियरला न सांगितलेलं आवडतं, दुसऱ्याला तो लेखकाचा आळस वाटतो. १९८२ला तर व्हिडिओ रेकॉर्डर थोड्या घरांत होता, बहुतेकांनी एकदाच पाहिलं, भाग दोन आणि तीनच्या मधे सहा दिवसांची गॅप. मग ही गोष्ट व्हीएचएसवर आली, लोकांनी दोनदा तीनदा पाहिली, एका बैठकीत पाहिली, आणि मत फिरायला लागलं. माझ्या मते सगळ्यात मोठं कारण हेच आहे.

ज्यांना ती नाटक वाटते त्यांना मी सांगेन की हो, नाटकच आहे, आणि तसं बघितलं की ती उघडते. टीगनच्या स्वप्नाचा सीक्वेन्स घ्या. कॅमेरा तिच्या डोळ्यात शिरतो आणि काळोख, बाकी सेटच नाही. एक म्हातारा आणि म्हातारी पटावर खेळत बसलेत, बाजूला धातूचं काहीतरी वेडंवाकडं उभं, आणि एक फिक्कट तोंडाचा पोरगा हसत तिला छळतो. ते दोघं आपसात वाद घालतात की ही मुलगी आहे तरी का. आणि गोष्टीच्या सुरुवातीला टार्डिसबाहेर, म्हणजे डॉक्टरच्या यानाबाहेर, एड्रिक आणि तिसरी साथीदार निसा पटावर ड्राफ्ट्स खेळत बसलेले होते, टीगन बाजूला एकटी. म्हणजे तिने दिवसभरात जे पाहिलं त्याचाच स्वप्नाने वाईट चेहरा केलाय, आणि हे कोणी बोलून दाखवत नाही. पुढे तिच्यासमोर दुसरी टीगन येते, दोघी भांडतात की खरी कोण, आणि खरी असल्याचा पुरावा दोघींकडेही सारखाच. त्या काळी एका फ्रेममधे दोन टीगन म्हणजे एकदा ह्या बाजूला उभं करून घ्यायची, एकदा त्या बाजूला, कॅमेरा तसूभर हलू द्यायचा नाही, आणि मधल्या रेषेवर जोडायचं. नटीला समोर कोणी नसताना नजर अचूक ठेवायची असते. जॅनेट फील्डिंगची नजर बघा, एकदाही चुकत नाही. तिला शेवटी तो पोरगा सांगतो की आज ना उद्या तू हो म्हणशीलच, वेडी व्हायच्या आधी किंवा नंतर. संध्याकाळच्या वेळी पोरांसोबत बघायच्या कार्यक्रमात हे दाखवलंय. अंगावर काटा येतो माझ्या.

इथे एक अशी गोष्ट आहे जी आपल्याकडच्या प्रेक्षकाला फुकटात मिळते आणि ब्रिटनमधल्या बहुतेकांना १९८२ला मिळाली नाही. स्वप्नातल्या त्या पोराचं नाव दुक्ख. म्हातारा अनिच्च, म्हणजे अनित्य, म्हातारी अनत्ता, म्हणजे अनात्म. जंगलातली जाणती म्हातारी पञ्ञा, म्हणजे प्रज्ञा, तिच्या हाताखालची मुलगी करुणा. पेटीचं नाव झान, म्हणजे ध्यान. आणि शत्रू मार. लेखक ख्रिस्तोफर बेलीला बौद्ध विचारात रस होता आणि त्याने ही नावं सरळ पालीतून उचलून श्रेयनामावलीत टाकली, संवादांत त्यातली बरीचशी उच्चारलीही जात नाहीत. इगतपुरीला दहा दिवस विपश्यनेला बसून आलेल्या कोणालाही अनिच्च ऐकून ऐकून पाठ असतं, आणि आपल्याकडे ज्या घरांत बुद्धवंदना होते तिथल्या पोरालाही मार कोण ते माहीत असतं, बोधिवृक्षाखाली बुद्धाला हलवायला आलेला.

नुसती नावं ओळखली म्हणून गोष्ट चांगली ठरत नाही, ते मला मान्य आहे, नावं तर कोणीही ठेवू शकतो. पण बेलीने ती कामाला लावलीत. पञ्ञा मरते तेव्हा तिचं सगळं जाणतेपण करुणेत उतरतं आणि ती मुलगी म्हातारीसारखी बोलायला लागते. प्रज्ञा आणि करुणा एकाच ठिकाणी आल्या. ज्याला नावं माहीत नाहीत त्याला हा साय-फाय चमत्कार वाटतो, ज्याला माहीत आहेत त्याला त्या सीनचं वजन कळतं. अनत्ता म्हणजे ‘मी’ म्हणून धरून ठेवावं असं आत काही नाही, आणि त्याच स्वप्नात टीगन दोन टीगनपैकी मी कोण ह्यावर अडकते. ग्रहाचं नाव देवलोक ठेवण्यातही विचार आहे. बौद्ध कल्पनेत देवलोक छान जागा खरी, पण सुटका नव्हे, देवसुद्धा पुण्य संपलं की खाली येतात. म्हणून पञ्ञा डॉक्टर आणि टॉडला जी दृश्यं दाखवते त्यात घड्याळं आहेत, काळ संपत चाललेला आहे, चाक फिरतं आणि संस्कृती उभ्या राहतात, चाक फिरतं आणि त्या पडतात. किंडांची ही सुखाची जागा कायमची नाहीये, आणि त्यांच्या जाणत्यांना ते ठाऊक आहे.

आणि आरशांचा प्रसंग. खूप जणांना तो शेवट पोकळ वाटतो: सोलर पॅनल आणले, गोल उभे केले, मार घाबरला, संपलं. कारण म्हणून डॉक्टर एवढंच सांगतो की दुष्टाला स्वतःचा चेहरा बघवत नाही. पण पाली सुत्तांत मार जेव्हा जेव्हा वेष घेऊन येतो तेव्हा बुद्ध त्याच्याशी लढत नाही, फक्त ओळखतो, हा मार आहे म्हणून. आणि ओळखला गेला म्हणून मार दुःखी होऊन तिथल्या तिथे नाहीसा होतो. बेलीने तेच केलंय, ओळखण्याच्या जागी आरसा ठेवलाय. त्या रिंगणात कोणी शस्त्र उचलत नाही, किंडा आरसे धरून नुसते उभे राहतात, आणि मधे एरिस जिकडे वळेल तिकडे त्याचंच तोंड. साय-फाय सिरीजमधे क्लायमॅक्सला स्फोट न करता बघायला लावणं, ह्याला हिंमत लागते.

आता ज्या जागा मला खरंच खटकतात त्या सांगते.

पहिली म्हणजे साप, पण रबराचा म्हणून नव्हे. बेलीने पाली नावांत बायबल मिसळलंय, सफरचंद, साप, स्वर्गासारखी बाग, मोहात पडलेली बाई. टीगन झाडावर बसून एरिसवर सफरचंदं टाकते, हे तर सरळसरळ तिकडचं. आता बौद्ध परंपरेत साप वाईट नाही हो! बुद्ध ध्यानाला बसले असताना पाऊस आला तेव्हा मुचलिंद नागाने त्यांच्यावर फणा धरला, ही गोष्ट आपल्याला शिल्पांतसुद्धा दिसते. आपण नागपंचमीला नागाची पूजा करणारे लोक. मग मार सापाच्या रूपात का? कारण समोरचा प्रेक्षक ब्रिटिश आहे आणि त्याला साप म्हटल्यावर पाप लगेच कळतं. म्हणजे पूर्ण चार भाग काहीच समजावून न सांगणारा लेखक नेमक्या शेवटच्या जागी सगळ्यात सोप्या खुणेला जाऊन बसला. रबराऐवजी सोन्याचा साप असता तरी ही अडचण राहिलीच असती.

दुसरी, किंडा लोक. गोष्ट वसाहतवाल्यांची खिल्ली उडवते, सँडर्सचा तो साहेबी थाट, ह्या ‘मागास’ लोकांना आपण काय ते शिकवणार ही घमेंड, हे सगळं नेमकं पकडलंय. पण किंडा स्वतः कसे आहेत? पुरुष मुके, नेहमी घोळक्यात, शांत, निरागस. एरिस सोडला तर एकालाही स्वतःचं काही मागणं नाही. साहेबाने त्यांना रानटी समजावं आणि लेखकाने संत समजावं, दोन्हीत माणूस म्हणून कोणीच बघत नाही. आदिवासींवरच्या आपल्याकडच्या मालिकांतही मी हेच पाहिलंय, कौतुक करता करता त्यांची वाचा काढून घ्यायची. एकच सीन त्याला अपवाद आहे, लाकडं आणि बांबू बांधून ते टीमच्या लढाऊ मशिनची नक्कल बनवतात आणि आत एरिस चालतोय. तिथे क्षणभर वाटतं की ह्या लोकांना भीती, राग, युक्ती सगळं आहे. आणि मग खऱ्या मशिनमधे अडकलेला एड्रिक घाबरून त्यावर मारा करतो. हा सीन अजून दोन मिनिटं हवा होता.

निसाचं मात्र मी लेखकाच्या माथी मारणार नाही. ती पहिल्या भागात चक्कर येऊन टार्डिसमधे झोपायला जाते ती थेट शेवटी उठते. स्क्रिप्ट ठरली तेव्हा ती कायमच्या टीममधे धरलेलीच नव्हती, म्हणून तिला बाजूला ठेवलं.

ह्या सगळ्यात ज्याच्याबद्दल दोन्ही बाजूंनी कमी बोललं जातं तो हिंडल. सायमन राऊसने हे काम केलंय आणि मला वाटतं अख्ख्या जुन्या सिरीजमधल्या पहिल्या पाच कामांत ते बसेल. वेडा माणूस टीव्हीवर म्हणजे मोठे डोळे आणि मोठं हसू, बहुतेक वेळा असंच होतं. तोही पहिल्या भागाच्या शेवटी ओरडतो की तुमच्या सगळ्यांच्या जिवाचा मालक मी आहे. पण बाकी सगळा वेळ तो लहान होत जातो, झाडांना घाबरतो, बिया आणि जंतूंना घाबरतो, आणि पेटी उघडून पोरासारखा झालेला सँडर्स आणि तो मिळून पुठ्ठ्याचं गाव करतात, त्यात पुठ्ठ्याची माणसं. डॉक्टरच्या हातून त्यातला एक माणूस फाटतो. डॉक्टर म्हणतो त्यात काय, चिकटवू. आणि हिंडल कोसळतो, माणसं अशी चिकटवता येत नाहीत म्हणून. एक लक्षात घ्या, ह्या क्षणी कॅमेरा कुठेही धावत नाही. मी स्विचरवर असते तर माझाही हात तिथे थांबला असता, कारण राऊसच्या तोंडावर जे चाललंय त्यापासून कट करायचा धीर होत नाही. खोलीभर पुठ्ठा आहे, मागच्या भिंतीसुद्धा साध्याच, आणि कोणालाही सेट आठवत नाही. दुसऱ्या सिनियरला विचारा, हा सीन चालू असताना तो हसला होता का?

ज्यांना ही गोष्ट फक्त डोक्याने लिहिलेली, कोरडी वाटते त्यांच्यासमोर मी हाच सीन ठेवते. आणि नेरीस ह्यूजची टॉडसुद्धा, डॉक्टरशी बरोबरीने बोलणारी, प्रश्न विचारणारी, घाबरली तरी पुढे जाणारी. दोघांची जोडी इतकी सहज आहे की ती पुढे साथीदार म्हणून राहिली नाही ह्याची मला अजून हळहळ वाटते. मेरी मॉरिसची पञ्ञा तर नुसत्या आवाजावर सीन नेते. एवढ्या तयारीचे नट, रिचर्ड टॉडसारखा युद्धपटांतला मोठा हिरो सँडर्स म्हणून, आणि सगळे गंभीरपणे काम करतायत, कोणीही स्क्रिप्टला हलकं समजत नाही. गोष्ट तगली ती ह्या लोकांमुळे, लेखकाइतकंच श्रेय त्यांचं आहे. फॅन मंडळींत कित्येक वर्षं अफवा होती की बेली नावाचा माणूसच नाही, ही गायिका केट बुशने टोपणनावाने लिहिलीय. अफवा खोटी, पण टीव्हीवर इतकं वेगळं काहीतरी आलं की लोकांना साधा लेखक पटेना.

राहता राहिला तो साप, जुना की नवा. २०११च्या डीव्हीडीत ‘किंडा’ आणि तिचा पुढचा भाग ‘स्नेकडान्स’ एकत्र आले आणि त्यात कॉम्प्युटरवर केलेला नवा साप ऑप्शन म्हणून दिला, जुनाही ठेवलाय. नवा साप चांगला केलाय, सावली आहे, वजन आहे, आजूबाजूच्या किंडांच्या नजरांशी बऱ्यापैकी जुळतो. जुन्यात काय बिघडलंय तर फक्त रंग आणि रबर नव्हे. साप वाढत जातो असं दाखवायचंय, पण तो एका जागी उभा राहून डुलतो, आणि वाइड शॉट जास्त वेळ धरलाय. एवढी मोठी प्रॉप फ्लोरवर आली की ती हलवणारी माणसं लपवायची, वायर लपवायची, आणि रिंगणामुळे आरशांतून मागचं काही दिसायला नको ही वेगळी डोकेदुखी. आरशांच्या सीनला कॅमेरे लपवणं हे किती जिकिरीचं असतं ते ज्याने केलंय त्यालाच माहीत, कुठल्या ना कुठल्या कोनातून लेन्स दिसतेच. माझ्या हातात असतं तर मी जुन्याच मटेरियलमधून साप जवळजवळ दाखवलाच नसता, एरिसच्या हातावरची खूण, माणसांची तोंडं, आरशातली हालचाल, आणि पीटर हॉवेलचं संगीत. ते संगीत तिथे इतकं भारी आहे की डोळे मिटून ऐकलं तर साप दिसतो.

तेव्हा पहिल्यांदा बघणाऱ्याने नव्या सापासकट बघावं असं माझं मत, म्हणजे शेवटाला हसू येऊन मागचे तीन भाग वाया जाणार नाहीत. तुम्ही तर एकदा पाहिलीच आहे, तुम्ही जुनीच परत बघा, पण चारही भाग एका संध्याकाळी, आणि टीगनच्या स्वप्नाच्या वेळी खोलीतला दिवा बंद करून. आणि ऑफिसातल्या दुसऱ्या सिनियरसाठी ‘स्नेकडान्स’ सुचवा. जानेवारी १९८३, लेखक बेलीच, दिग्दर्शन फियोना कमिंगचं, मार परत टीगनमधे. तिथे बाजार आहे, राजवाडा आहे, उत्सव आहे, गोष्ट पायरी पायरीने उलगडते आणि मार म्हणजे काय ते नीट सांगितलंय. सेटबद्दल कुरकुर करणाऱ्या बऱ्याच जणांना ती जास्त पटते. मला स्वतःला ‘किंडा’च जास्त प्रिय, पण त्यांनी ती पाहिली तर पुढच्या वादात निदान सापाऐवजी माराबद्दल बोलतील.